आधारगटात तज्ज्ञांची खुर्ची कुठे असावी? कोकणातल्या मानसोपचारतज्ज्ञांना आणि समुपदेशकांना खुले पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि समाजसेवा अधीक्षक

सप्रेम नमस्कार.

कुडाळात महिन्यातून एका रविवारी आमची बैठक भरते. स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा लांबत जाणाऱ्या आजारांची माणसं घरात सांभाळणारे आम्ही लोक तिथे जमतो. कोणी आई, कोणी बाप, कोणी बायको, एखादी सून. मी बहीण आहे. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. चहाचे पैसे डब्यात पडतात. बैठकीची वेळ एसटीच्या वेळापत्रकाने ठरते: देवगडची आणि वेंगुर्ल्याची गाडी पोचली की सुरू, परतीच्या गाडीआधी बंद. मला निमंत्रक म्हणतात, म्हणजे खोलीची किल्ली माझ्याकडे असते आणि कप मी विसळते.

हे पत्र लिहायला एक प्रस्ताव कारणीभूत झाला. कोणाचा ते महत्त्वाचं नाही, कारण तसे प्रस्ताव आता सगळीकडून येऊ लागले आहेत. आधारगटांना ‘तज्ज्ञ मार्गदर्शन’ मिळावं, प्रशिक्षित समुपदेशकाने बैठक चालवावी, विषय आधी ठरावा, हजेरीपट असावा, त्यात नाव-गाव-मोबाईल आणि रुग्णाशी नातं लिहावं, अहवालाला जोडायला फोटो काढावा. बदल्यात हॉल, बॅनर आणि नाश्ता. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. आम्ही एक बैठक तशी करूनही पाहिली.

आम्ही एरवी गोल मांडतो त्या खुर्च्या रांगेत लागल्या. समोर टेबल, टेबलावर पाण्याची बाटली. आलेल्या मॅडम तरुण होत्या, तयारी करून आल्या होत्या. तासभर त्यांनी ताणतणावाचं नियोजन समजावलं, दीर्घ श्वास घ्यायला लावले आणि शेवटी विचारलं, “कोणाला काही प्रश्न?” कोणालाच प्रश्न नव्हता. मग फोटो झाला. पुढच्या महिन्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

न आलेल्यांपैकी एकीने फोनवर कारण सांगितलं. फोटो कुठल्यातरी ग्रुपवर पडला, तिथून वाडीच्या ग्रुपवर आला आणि तिथून मुंबईच्या गावकरी मंडळाच्या ग्रुपवर. दिवेलागणीला विरारहून नणंदेचा फोन: “तुम्ही कसल्या मीटिंगला जाता गं?” घरात धाकट्या मुलीचं लग्न जमायचं आहे.

शहरात माणसाचं नाव झाकलं की माणूस झाकला जातो. आमच्याकडे आडनाव आणि वाडी एवढं सांगितलं की आजोळापर्यंतचा पत्ता लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २३वं कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. रविवारी खुर्चीवर बसलेल्या आईचा त्यात उल्लेख नाही, पण तिचा फोटो म्हणजे तिच्या मुलाचं निदानच चावडीवर लावणं. हजेरीपट हवाच असेल तर डोकी मोजा. नावं आम्ही देणार नाही.

तरी फोटो हा या गोष्टीतला लहान भाग. प्रश्न कोणालाच का नव्हते, हे जास्त महत्त्वाचं आहे.

त्याच्या आधीच्याच एका बैठकीतलं सांगते, घरं ओळखू येणार नाहीत इतपत बदलून. एक बाई बऱ्याच बैठकांना येऊन गप्प बसायच्या. त्या दिवशी चहा झाल्यावर म्हणाल्या, “मी गोळी सोलकढीत कुटून घालतंय. डॉक्टरांका सांगूक नाय हां मी.” मुलगा गोळ्या घेत नाही, थुंकून टाकतो. सोलकढीला आंबटपणा असतो, तिखट असतं, लसूण असतो, त्यात गोळीची कडू चव लपते. ओपीडीत डॉक्टर विचारतात, गोळ्या वेळेवर घेतो ना? त्या मान हलवतात. खोटं कुठे आहे त्यात? पोटात जातातच की.

खोलीत कोणी नाक मुरडलं नाही, कारण गोळी लपवून दिलेली आणखी दोन घरं तिथे बसली होती. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “माझ्या झिलान वळखल्यान. मगे घरच्या जेवणाक म्हयनोभर हात लावूक नाय.” आणि त्या महिन्यात काय काय झालं ते सांगत गेल्या. मुलाला आधीच वाटत होतं की घरचे आपल्यावर विषप्रयोग करतात. ताटात खरोखरच काहीतरी सापडल्यावर त्याची समजूत कोण काढणार? तो स्टँडवरचे वडापाव खाऊन राहिला. पुढे आईच्या हातचं पाणीसुद्धा घेईना.

सोलकढीवाल्या बाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, “मगे तुम्ही काय केलास?” मावशींनी डॉक्टरांना खरं सांगून टाकलं होतं. डॉक्टर रागावले नाहीत. महिन्याला एकदा घेण्याचं इंजेक्शन असतं हे त्यांनी मुलाला समोर बसवून समजावलं, रोजची कटकट संपेल म्हणाले, आणि तो तयार झाला. या बाईंनीही पुढच्या फेरीला त्यांच्या डॉक्टरांना खरं सांगितलं.

आता कल्पना करा, त्या खोलीत तुमच्यापैकी कोणी बसलं असतं. तुम्ही कितीही मायाळू असा, औषध लपवून देणं चूक आहे हे तुम्हाला सांगावंच लागलं असतं, तो तुमचा धर्म आहे. आणि तुम्ही आहात म्हणून ती गोष्ट मुळात बाहेरच आली नसती. तुमच्यासमोर आम्ही रुग्णाचे नातेवाईक असतो. रांगेत नंबर लावलेला असतो, पुढच्या महिन्याची चिठ्ठी तुमच्या हातात असते. अशा माणसासमोर कोण स्वतःचा लबाडपणा उघड करील? तुम्ही सुद्धा करणार नाही.

म्हणून मागणी अशी, की बैठकीत तज्ज्ञांनी बसू नये. बसले तर फक्त आम्ही बोलावल्यावर, आम्ही ठरवलेल्या वेळापुरतं.

यावर तुमच्यातल्या काहींनी मला तोंडावर विचारलं आहे की, तुम्हाला तज्ज्ञ नकोतच का? उलट आहे. आम्हाला तुम्ही आत्ता मिळता त्यापेक्षा पुष्कळ जास्त हवे आहात, फक्त वेगळ्या कामाला.

लिथियमचंच घ्या. आमच्या भागात बायपोलरच्या बऱ्याच जणांना ही गोळी चालू आहे. घरच्यांना माहीत असतं ते इतकंच की रक्त तपासायचं. एप्रिल-मे महिन्यांत तोच माणूस आंब्याच्या बागेत उतरतो. दिवसभर घाम, पाणी कमी, संध्याकाळी पाठ धरली म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक. त्यात आईला कोणीतरी सांगितलेलं असतं, बीपी वाढतंय, मीठ कमी कर. म्हणजे पेजेतलं मीठही गेलं. या प्रत्येक गोष्टीने लिथियम रक्तात साचतं. हात जास्त थरथरायला लागतात, उलट्या-जुलाब सुरू होतात, पाय अडखळतात. घरच्यांना वाटतं ऊन लागलं. हे आमच्या गटातल्या कोणाच्या बापजन्मी कळलं नसतं. एका डॉक्टरांनी येऊन पाऊण तासात सांगितलं, फळ्यावर एक आकृतीसुद्धा न काढता. तेव्हापासून हंगामाच्या तोंडाला आम्ही एकमेकांना आठवण करतो: पाणी, मीठ, आणि अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

किंवा स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन. बाकी औषधं हरली तिथे या औषधाने माणसं उठून बसलेली आम्ही पाहिली आहेत. पण सुरुवातीला दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, त्या कशासाठी आणि नुसता ताप-घसा आला तरी का धावायचं, हे समजलं नसेल तर आठवड्याची फेरी परवडत नाही म्हणून माणूस तपासणी सोडतो. पेशी धोकादायक पातळीला घसरू शकतात, हे शेजारणीच्या अनुभवातून शिकायची गोष्ट नव्हे.

आमच्यासारख्या गटांचा खरा धोका इथेच आहे, आणि तो तुमच्या तोंडून ऐकण्याआधी मीच लिहिते. एकाने सांगायचं, आमच्याकडे अर्धी गोळी केली, काही झालं नाही, वजनही उतरलं. दोघांनी घरी जाऊन तेच करायचं. अनुभवाला वजन असतं, म्हणून चुकीच्या अनुभवालाही असतं. आमच्याकडे त्यासाठी नियम आहे: बैठकीत डोसबद्दल बोलायचं नाही. डोसचा, तपासणीचा, दुसऱ्या औषधाशी जमतं का याचा प्रश्न आला की तो वहीत लिहायचा. साधी दोनशे पानी वही आहे. नाव न घालता प्रश्न. तुमच्यापैकी कोणीतरी यावं आणि ती वही पुढ्यात घेऊन उत्तरं द्यावीत. व्याख्यान तयार करून आणू नका. विषय वहीत आहेत.

तज्ज्ञाने आपण होऊन बाजूला होणं म्हणजे काहीतरी अघटित, असं वाटत असेल तर शिकागोचे अब्राहम लो आठवा. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. १९३७ मध्ये त्यांनी ‘रिकव्हरी’ नावाची रुग्णांची स्वमदत संघटना सुरू केली. १९५२ मध्ये त्यांनी कारभार सदस्यांच्याच हाती दिला. आपल्याकडे १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं. वॉर्ड अपुरे होते हे खरं, पण नातेवाईक शेजारच्या तंबूतलं पाहून शिकले, आजाराची भीती गेली आणि माणसं घरी परतू लागली. तंबूत काय बोलणं व्हायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं नसणार. पुण्यात १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली, ती डॉ. जगन्नाथ वाणींच्या पुढाकाराने. ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक, आणि घरी पत्नीचा आजार. रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची पद्धत आम्हीही तिकडच्याच मंडळींकडून उचलली.

दारू सोडणाऱ्यांचं उदाहरण तर तुम्हीच पेशंटना देता. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ मध्ये दोघांनी सुरू केली, त्यातले एक शल्यविशारद होते. पण ते त्या खोलीत बसले ते पिणारा माणूस म्हणून. हा दरवाजा तुमच्यासाठीही उघडा आहे. तुमच्यापैकी कोणाचा भाऊ, कोणाची आई आजारी नसेल असं थोडंच आहे? त्या नात्याने या, गोलात बसा, तुमची पदवी कोणी विचारणार नाही. माझ्या माहितीत अशा एक नर्सबाई येतात. बैठकीत त्यांना कोणी बीपी मोजायला सांगितलं तर आम्हीच दटावतो.

देवस्कीबद्दलही बोलायला हवं, कारण त्यावरून तुमचा आमच्यावर राग असतो. कोकणात पहिली धाव दवाखान्याकडे नसते. “बाहेरचं काहीतरी आहे” म्हणून आधी देवळात गाऱ्हाणं, मग कौल, मग कोणीतरी जाणता. तिथे वर्ष जातं, दोन वर्षं जातात, कोंबडे जातात, बायकांच्या हातातल्या बांगड्या जातात. ओपीडीत हे सांगितलं की बोलणी खावी लागतात, म्हणून पुढच्या वेळी कोणी सांगत नाही. आमच्या गोलात सगळे सांगतात, आणि कोणाकडे किती गेले तेही सांगतात. आकडे ऐकूनच पुष्कळांचे डोळे उघडतात. फसवणारे बुवा कायद्याने पकडावेत, त्यात दुमत नाही. पण ज्या आईने ग्रामदेवतेला नारळ ठेवून इंजेक्शनला मुलाला आणलं आहे तिला तो नारळ का ठेवलास म्हणून झापू नका. ती आलेली आहे, एवढं पाहा.

आता जोखमीचं. तुमच्यातले अनुभवी लोक विचारतात: बैठकीत कोणी म्हणालं की मला आता जगायचं नाही, तर तुम्ही काय करणार? प्रश्न रास्त आहे, आणि असं बोलणं होतं. वीस-वीस वर्षं सांभाळून थकलेले म्हातारे बाप “माझ्या मागून याचा कोण? दोघंही एकदमच गेलेलो बरे” असं म्हणतात. आम्ही ते हसण्यावारी नेत नाही, उपदेशही करत नाही. त्या माणसाला एकटं घरी पाठवत नाही. दोघं जण सोबत थांबतात, सरळ विचारतात की काही ठरवलंय का, घरात फवारणीचं औषध आहे का, आणि ते हलवायची व्यवस्था करतात. इथपर्यंत आम्हाला जमतं. यापुढे आम्हाला तुमचा फोन लागला पाहिजे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनचा नंबर आम्ही सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घातला आहे, तो चोवीस तास असतो आणि मराठीत बोलता येतं. पण त्या माणसाला त्याच दिवशी तपासणारा डॉक्टर टेलिफोनमधून बाहेर येत नाही. रविवारी दुपारी कोणाला फोन करायचा, एवढं एक नाव प्रत्येक तालुक्यासाठी तुम्ही आपसांत ठरवून द्या. बैठकीत बसायला जो समुपदेशक तुम्ही देऊ पाहताय, त्याचा वेळ इथे लावा.

माणसं कमी आहेत हे आम्हाला दिसतं. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणासाठी बारा राज्यं निवडली गेली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा कोकणाचा वेगळा आकडा मागणं म्हणजे विनोदच. आमचे लोक कोणी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जातात, कोणी गोव्यात बांबोळीला, कोणी घाट चढून कोल्हापूरला. पहाटेची गाडी, दुपारी नंबर, पाच मिनिटं डॉक्टर, रात्री घरी. या पाच मिनिटांत तुम्ही आजार समजावून सांगू शकत नाही, याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण शेवटच्या अर्ध्या मिनिटात तुम्ही एक करू शकता.

पहिल्यांदा निदान सांगता ना, तेव्हा त्या आईला आमच्याबद्दल सांगा. दुसऱ्या भेटीत नको, “जरा स्थिर होऊ दे मग बघू” असंही नको. कागदावर निदान वाचून बाहेर पडलेली बाई एसटीत खिडकीशी बसते तेव्हा तिला वाटत असतं, अख्ख्या जिल्ह्यात हे फक्त माझ्याच घरात आलंय. आमच्याकडे आलेले बहुतेक जण कानोकानी आले, आजार सुरू होऊन कित्येक वर्षं लोटल्यावर. डॉक्टरांनी पाठवलं म्हणून आलेले फार थोडे. कारण विचारलं तर एका डॉक्टरांनी मला सांगितलं, “तिथे काय बोललं जातं ते आम्हाला माहीत नसतं, जबाबदारी कशी घेणार?” जबाबदारी घेऊ नका. नुसतं सांगा की असे लोक जमतात, जायचं तर जा.

एक छोटं गाऱ्हाणं आणखी, आणि मग संपवते. कायद्याने जी मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळं नेमायची आहेत त्यांत आजार भोगलेल्यांना, सांभाळणाऱ्यांना किंवा त्यांच्या संस्थांना जागा आहेत. अशा जागांवर सांभाळणारा म्हणून बोलावलेला माणूस शक्यतो खरोखर सांभाळणारा असावा, आणि त्याला कोपऱ्यात बसवून चहा देऊन परत पाठवू नये. आम्ही तुमच्या बैठकीत यायचं तर बोलायला येणार.

शाल-श्रीफळ, उद्‌घाटन, दीपप्रज्वलन आमच्याकडे नाही. मानधन द्यायला पैसे नाहीत. एसटीचं तिकीट आणि जेवण देऊ. मासे चालत असतील तर आदल्या दिवशी कळवा. वर्षातून तीन वेळा वही रिकामी करायला कोणी ना कोणी हवं आहे: एकदा आंब्याच्या हंगामाआधी, एकदा मिरग लागायच्या सुमारास, एकदा गणपतीनंतर. गणपतीत चाकरमानी घरी येतात, आजारी माणसाच्या खोलीत डोकावतात, सल्ले देऊन जातात, आणि त्यानंतरच्या बैठकीला प्रश्नांची रीघ असते. शेवटचा पाऊण तास तुमचा. त्याआधी आलात तर बाहेरच्या ओटीवर बसा, चहा तिथेच मिळेल.

सध्या वहीत लिथियम घेणाऱ्या सुनेला दिवस राहावेत का, असा एक प्रश्न आहे. इंजेक्शनची तारीख चुकली तर किती दिवस चालतं, असा दुसरा. तिसरा एका दहावीच्या मुलाने लिहिला आहे, त्याच्या बाबांचा आजार त्याला होईल का म्हणून. तो मुलगा पुढच्या बैठकीला येणार आहे. या तीन प्रश्नांना कोण येतंय ते तुमच्यात ठरवून आम्हाला कळवावं, ही विनंती.

आपली,
एक शुभंकर बहीण
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग